पंच निवडण्याआधी घरच्यांना विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) येत्या महिन्यात नव्या कमिटीची, म्हणजे पंचांची, निवडणूक आहे. उपासना संपली की आवारात चहाचे कप हातात घेऊन नावे निघतात. अमक्याचा आवाज चांगला आहे, तमका बँकेत होता म्हणजे हिशेब चोख ठेवील, आणखी कुणाची महापालिकेत ओळख आहे. या गोष्टी लागतात, हे मान्य. पण गेले तीन रविवार मी कान देऊन ऐकतो आहे. हा माणूस घरी कसा वागतो, असे एकाही नावाबाबत कुणी विचारलेले नाही.

वास्तविक बायबलमधल्या, प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय आम्हा सगळ्यांना जवळजवळ पाठ आहे. मंडळीच्या पुढाऱ्याचे गुण तिथे सांगितले आहेत. त्यात शिकवण्याची हातोटी सोडली तर अंगच्या हुशारीचे असे फारसे काही नाही. बाकी सगळे वागणुकीचे आहे: एका पत्नीशी एकनिष्ठ, सौम्य, दारूपासून आणि मारहाणीपासून दूर, पैशाचा लोभ नसलेला, पाहुण्याला दार उघडणारा. आणि मग पौलाचा तो सवाल, की ज्याला स्वतःचे घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार? आम्ही हा अध्याय पंचांच्या नेमणुकीच्या दिवशी वाचतो, म्हणजे निवड होऊन गेल्यावर.

माझे वडील १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातून ठाण्याला आले आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर लागले. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिची रात्रपाळी असली की सकाळी ती घरी यायच्या आत वडिलांनी स्टोव्हवर पाणी तापवून ठेवलेले असायचे. तिचा पांढरा युनिफॉर्म तेच धुवायचे. बादलीत नीळ टाकली की ओंजळीत पाणी घेऊन रंग बघायचे, आणखी एक थेंब टाकायचे, पुन्हा बघायचे. कपड्यावर निळा डाग उठू नये म्हणून ही काळजी. मग चाळीच्या गॅलरीत दोरीवर तो उलटा करून वाळत घालायचे. शेजारचे पुरुष हसायचे, "काय पंच, आजपण धुणं?" वडील एवढेच म्हणायचे, "ती रात्रभर उभी होती. मी झोपलो होतो."

त्यांना प्रार्थनेला उभे केले तर चार वाक्यांत आटोपायचे. व्यासपीठावर त्यांना कुणी फारसे बोलावले नाही. पण दोन भावांत जागेवरून बिनसले, सासू-सुनेचे वाजले, की लोक आमच्याच खोलीत येऊन बसायचे. येशूने शिष्यांचे पाय धुतले, हे मी संडे स्कूलमध्ये शिकलो. ते म्हणजे नेमके काय, हे मला त्या बादलीपाशी दिसले होते.

लग्नाच्या उपासनेत इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचतात. पती हा पत्नीचे मस्तक, हे वाक्य आम्हा पुरुषांच्या चांगले लक्षात राहते. त्याच्या अगोदर एकमेकांच्या अधीन असा, असे सांगितले आहे, ते राहत नाही. त्या अध्यायात पत्नीसाठी तीन वचने आहेत आणि पतीसाठी त्याच्या दुपटीहून जास्त, आणि ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तशी प्रीती कर, ही पतीवर घातलेली अट आहे. प्रेषित पेत्र तर त्याच्याही पुढे जातो. पत्नीला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येईल, असे तो पतींना बजावतो. मंडळीत पंधरा पंधरा मिनिटे प्रार्थना करणाऱ्या आम्हा पुरुषांना या वचनाची धास्ती वाटायला हवी.

माझी पत्नी संडे स्कूल घेते. घरी प्रार्थना कोण घेते, असे तिने मुलांना विचारले. एक सात-आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, "पप्पा घेतात. आमेन झालं की मग आज कोण चुकलं ते विचारतात." तो मुलगा रोज आमेनची भीती घेऊन बसत असेल. त्याचे वडील मंडळीत आदराचे मानले जातात.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. त्यांची भजने आम्ही आजही गातो. पण टिळक घरात कसे होते, त्यांचा रागीटपणा, त्यांचे औदार्य, त्यांची माया, हे आपल्याला कळले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिले म्हणून. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. लक्ष्मीबाईंनी तो पाच वर्षांनी घेतला, तोही त्यांच्या स्वतःच्या मनाला पटल्यावर. जिने सगळे पाहिले, सोसले, तिच्याच साक्षीने टिळक मला अधिक खरे आणि अधिक मोठे वाटतात.

म्हणून माझी सूचना साधी आहे. नावे जाहीर करण्याआधी पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) प्रत्येक इच्छुकाच्या घरी जावे आणि त्याच्या पत्नीशी, मुलांशी तो समोर नसताना बोलावे. लग्न न केलेला असेल तर आईला विचारावे, वहिनीला विचारावे, घरकामाला येणाऱ्या बाईलाही विचारावे. (पौल स्वतः अविवाहित होता, तेव्हा लग्नाची अट कुणी काढू नये.) घरच्या गोष्टी चव्हाट्यावर येतील, असे मला दोघांनी सांगितले. पाळकांच्या कानावर घालणे म्हणजे चव्हाटा नव्हे. आणि जी बाई आज कुणाशीच बोलू शकत नाही, तिला निदान कुणी तरी येऊन विचारील.

हे मी कोणत्या तोंडाने लिहितो, तेही सांगितले पाहिजे. मी बारा वर्षे कमिटीवर होतो. मुलाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी, घरात पाळक आणि दोन पंच बसलेले असताना, कमी मार्कांसाठी मी त्याच्या कानाखाली मारली. 'बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका' हे वचन त्याच्या आदल्याच महिन्यात मी मंडळीत वाचले होते. त्या तिघांपैकी कुणी मला बाजूला घेऊन एक शब्द बोलले नाही. पुढच्या वर्षी मी बिनविरोध निवडून आलो. मुलगा आता ऐरोलीला राहतो. आईला रोज फोन करतो. माझ्याशी 'हो' आणि 'बरं' यापलीकडे बोलत नाही.

यंदाही माझे नाव सुचवले होते. ते मी मागे घेतले आहे. वेदीपाशी अर्पण आणले आणि कुणाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे प्रभूने सांगितले आहे. ठाण्याहून वाशीच्या गाडीने दिघा गाव सोडले की ऐरोली येते. शनिवारी त्याला सुट्टी असते. या शनिवारी मी जाणार आहे.

आपला,
एक वाचक, कळवा (जि. ठाणे)