आंटी, तुमचं ताट अजून माझ्याकडेच आहे

प्रिय आंटी,

हे पत्र खरं तर कागदावर लिहून तुमच्या हातात द्यायचं होतं, पण तुम्ही कोंकणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, वाचता आणि मला रोमी लिहायला जमत नाही, म्हणून इथे मराठीत लिहितेय, तुमची नात वाचून दाखवेल. सगळ्यांसमोर लिहितेय ते मुद्दाम. सिलिकॉनचे साचे हौसेने घेऊन दोनदा वापरून माळ्यावर टाकलेल्या कितीतरी जणी मला माहीत आहेत, मीही टाकणारच होते, तुम्ही त्या दिवशी आला नसतात तर.

तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. जुलै महिना, सकाळपासून पाऊस ओततोय, लाईट दोनदा जाऊन आलेली, आणि मला भाच्याच्या वाढदिवसाला २४ मफिन संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. पत्र्याचे जुने टिन त्या पावसाळ्यात कडेने तांबूस पडले होते, म्हापशात टिन किती टिकतात ते तुम्हाला काय सांगायचं, पुसा, तेल लावा, पेपरात गुंडाळून ठेवा, चवथीपर्यंत गंज धरतोच. म्हणून नवीन सिलिकॉनचा सहा खणांचा मोल्ड आणला होता. ओट्यावर ठेवून सगळे खण भरले, दोन्ही टोकांना धरून उचलला, आणि मधला भाग असा खाली गेला की बॅटर ओटीजीच्या, म्हणजे माझ्या छोट्या विजेच्या ओव्हनच्या, खालच्या रॉडवर सांडलं. धूर, जळका वास, आणि मी तिथेच खाली बसून रडायला लागले.

तुम्ही छत्रीही न घेता गेटातून आलात. एक शब्द रागाचा नाही. आधी प्लग काढलात, रॉड थंड होईपर्यंत मला पाणी प्यायला लावलंत, मग ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलंत आणि घरी जाऊन तुमचं ते जुनं ॲल्युमिनियमचं ताट घेऊन आलात, एका कडेला चेपलेलं. आणि म्हणालात, "आदीं ताट, मागीर सांचो, मागीर बॅटर." एवढंच. आधी ताट, त्यावर रिकामा मोल्ड, मग बॅटर, आणि उचलायचं ते ताट, मोल्डला हातच लावायचा नाही. माझ्या मोल्डच्या बॉक्सवर तापमान लिहिलं होतं, रंग लिहिला होता, पण हे साधं वाक्य कुठेच नव्हतं.

मफिन झाले तेव्हा दुसरी घाई मी करणार होते, तीही तुम्ही थांबवलीत. गरम असताना काढायला गेले की अर्धा मफिन हातात नि अर्धा मोल्डमध्ये, हे माझं आधी दोनदा झालं होतं आणि मला वाटायचं माझ्या बॅटरमध्येच काहीतरी चुकतंय. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "राव गो मात्शें." पंधरा मिनिटं आपण चहा प्यायलो. मग तुम्ही मोल्ड हातात घेतलात, कडेने चारी बाजूंनी हलकेच बाहेर ओढलात, म्हणजे कड सुटली की नाही ते दिसतं, मग उलटा करून खालून अंगठ्याने दाबलंत आणि मोजा उलटा करावा तसा खण उलटा केलात. मफिन तुमच्या तळहातावर, खालची सगळी नक्षी शाबूत. केक ओढायचा नाही, साचा सोलायचा. हे बघितलं नसतं तर मला नुसतं वाचून कधी कळलं नसतं.

त्यानंतरच्या महिन्यांत तुम्ही जे शिकवलंत त्यातली मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट म्हणजे सिलिकॉन कुठे वापरायचं नाही ते. मला सगळंच त्यात करायचं होतं, नवीन वस्तू आली की होतं तसं. बाथ, आपला तो रवा-खोबऱ्याचा केक, केली त्यात, आतून शिजली पण कडा पांढरट, मऊ, दुसऱ्या दिवशी तर ओलसरच लागली. ऑर्डर घेतलेल्या बाईंनी काही बोलून दाखवलं नाही पण पुन्हा फोनही केला नाही, आणि ते मला फार लागलं. तेव्हा तुम्ही एकच बॅटर दोन भागांत करायला लावलंत, अर्धं तुमच्या ॲल्युमिनियमच्या टिनमध्ये, अर्धं माझ्या मोल्डमध्ये, एकाच वेळी ओटीजीत. टिनमधला २५ मिनिटांत तयार, मोल्डमधल्यात टूथपिक घातली तर ओलीच आली, त्याला अजून आठ मिनिटं लागली. मग दोन्ही सुरीने मधून कापून शेजारी शेजारी ठेवलेत. टिनमधल्याला कडेने बदामी पट्टी, मोल्डमधला सगळीकडे एकसारखा फिकट. धातू उष्णता पटकन पुढे देतो, सिलिकॉन हळू देतं, म्हणून त्यात वेळही जास्त लागतो आणि कडा भाजल्यासारख्या होत नाहीत. बाथला रवा-खोबऱ्याची ती भाजलेली कडच हवी, तिची अर्धी चव तिथे आहे, म्हणून बाथ टिनमध्येच. मफिन, केळ्याचा केक, छोटे स्पंज यांना मऊपणा चालतो, ते मोल्डमध्ये. तेव्हापासून माझी एकही बाथ परत आली नाही.

बेबिंकाच्या, आपल्या त्या थराथराच्या गोव्याच्या गोडाच्या, वेळी तर तुम्ही जवळजवळ ओरडलातच. मी नवीन गोल मोल्ड दाखवला आणि म्हटलं नाताळला यातच थर लावते, निघायला सोपं. तुम्ही मोल्ड माझ्या हातातून काढूनच घेतलात. बेबिंकाचा थर वरून भाजावा लागतो, पूर्वी वर झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवायचे, आता ओटीजीचा वरचा रॉड, आणि प्रत्येक थराला तोच ताव, सात थर म्हणजे सात वेळा. सिलिकॉन २२० ते २३० डिग्रीपर्यंत सोसतं म्हणून बॉक्सवर लिहिलेलं असतं, पण वरचा रॉड लाल झाला की त्याच्या जवळच्या कडेला किती लागतंय ते कुठला आकडा सांगणार. उघडी आच, गॅसची ज्योत, लाल रॉड, यांच्या जवळ ते न्यायचंच नाही. आपल्या बेबिंकाला २०२३ मध्ये जीआय टॅग मिळाला तेव्हा तुम्ही किती खूश झाला होतात, आणि मी ती रबराच्या वाटीत करायला निघाले होते. जाड बुडाच्या भांड्यात केली, तूप मात्र सिलिकॉनच्या ब्रशने लावलं प्रत्येक थराला, ते तुम्हीच सांगितलंत, केसांच्या ब्रशचे केस थरात अडकतात आणि गरम तुपात त्यांचा वास येतो, सिलिकॉनच्या ब्रशला त्यातलं काही नाही.

आणि दोदोल! त्यासाठी तर मी तुमची जन्मभर ऋणी आहे. नारळाचं दूध, तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ, दोन तास ढवळून ढवळून खांदा जातो, आणि नंतर ताटात थापून वड्या पाडायच्या तर सुरीला चिकटतं, बोटांना चिकटतं, ताटालाही थोडं राहतंच. तुम्ही म्हणालात गरम गरमच छोट्या खणांत ओत. रात्रभर ठेवलं, सकाळी खालून बोट दाबलं की एकेक काळीभोर, चकचकीत वडी टुपकन बाहेर, कडा इतक्या साफ की घरच्यांनी विचारलं विकत आणलंस का. माझ्या आईने आयुष्यभर दोदोल केलं, तिला ते बघायला हवं होतं असं फार वाटलं मला.

एक कबुली पण इथेच देते, तुम्हाला तेव्हा पूर्ण सांगितलं नव्हतं. तुम्ही व्हॅनिला मफिन खाऊन थोडा वेळ गप्प राहिला होतात ना, ते बरोबर होतं. मी त्या मोल्डमध्ये आधी रेशाद मसाल्याचे गोळे फ्रीझ केले होते. लसूण, मिरची, व्हिनेगर, सगळा वास सिलिकॉनने धरून ठेवला, साबणाने तीनदा धुतलं तरी जाईना, आणि गरम झाल्यावर तो केकमध्ये उतरला. तुम्ही फक्त म्हणालात, तिखटाचा वेगळा, गोडाचा वेगळा. मग सांगितलंत खायच्या सोड्याची पेस्ट लावून रात्रभर ठेव, धुऊन पूर्ण कोरडा कर, आणि रिकामाच ताटावर ठेवून ओटीजीत थोडा वेळ तापव, खिडक्या उघड्या ठेव. गेला वास. आता लाल मोल्ड मसाल्याचा आणि कोकमाच्या आगळाचा, हिरवा आणि निळा गोडाचे, घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

बाजारातून मी आणलेला स्वस्तातला मोल्ड तुम्ही चिमटीत धरून पिळलात आणि वळलेल्या जागी पांढरी रेघ उमटली, तेव्हा म्हणालात यात भरताड, म्हणजे स्वस्त भेसळ, असणार, हा नको. नुसत्या रेघेवरून सगळं कळतं असं नाही, पण त्याला तापल्यावर रबर जळल्यासारखा वास पण येत होता, म्हणून टाकून दिला. नंतर मी बसून वाचलं. सिलिकॉन म्हणजे प्लास्टिक असं मला वाटायचं आणि त्यामुळे मुलांना द्यायला मनात धाकधूक असायची, पण त्याचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळीचा आहे, आणि त्यातलं मूळ सिलिकॉन हे मूलद्रव्य वाळूतून येतं, आपल्या साध्या प्लास्टिकसारखा कार्बनचा कणा नाही, म्हणून एवढी उष्णता सोसतं. जर्मनीत तर असा नियम आहे की २०० डिग्रीला चार तास तापवून त्यातून उडून जाणारं द्रव्य ०.५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आता नवीन घेताना बॉक्सवर फूड ग्रेड आणि एलएफजीबी (जर्मनीच्या अन्नकायद्याचं नाव) लिहिलंय का बघते, आणि नाक लावून वास घेते, दुकानदार बघत राहतो पण मी घेते.

स्पॅच्युलाचं तर राहिलंच. माझा लाकडी दांड्याचा होता, दिसायला छान. तुम्ही त्याचं डोकं ओढून काढलंत आणि आत बघायला दिलंत, दांड्याच्या टोकाला जुन्या बॅटरची काळपट रिंग, वर बुरशीचे ठिपके. आपल्या दमट हवेत आत गेलेलं पाणी सुकतच नाही. मला त्या दिवशी इतकं वाईट वाटलं, त्याच स्पॅच्युलाने किती जणांचे केक ढवळले असतील मी. आता दांड्यासकट एकसंध असलेलेच वापरते, दोनच आहेत पण मन शांत असतं.

मोल्डला चिकट थर येतो तो जुन्या तेलाचा असतो, गरम पाण्यात डिश सोप घालून भिजवायचं, तारेच्या काथ्याने घासायचं नाही, मोल्डमध्ये सुरी चालवायची नाही, हे सगळं मी आता दुसऱ्यांना सांगते आणि प्रत्येक वेळी "आमच्या आंटींनी सांगितलंय" असं म्हणूनच सांगते.

आंटी, तुम्ही कुवेतला बेकरीच्या किचनमध्ये इतकी वर्षं उभ्याने काढलीत, परत आल्यावर तुम्हाला आराम करायचा होता, आणि शेजारची एक मुलगी रोज काही ना काही विचारायला येत राहिली. तुम्ही एकदाही दार अर्धं उघडून बोलला नाहीत. गेल्या नाताळात माझ्या ३० ऑर्डर झाल्या, त्या पैशांतून मुलाची फी भरली, हे मी तुम्हाला तोंडावर सांगायला गेले की माझा गळा दाटतो म्हणून लिहून सांगतेय. देव बरें करूं.

ताट रविवारी आणून देते, तुम्ही चर्चमधून मिसावरून आल्यावर. त्यात बाथ ठेवलीय, टिनमध्येच केलेली. कड बघून सांगा, आणि खोबरं यावेळी जरा जाड वाटलं गेलंय असं मला वाटतंय, तेही सांगा.

तुमची,
पलीकडच्या गेटातली