लिस्टची ‘क्रुसाची वाट’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत फ्रान्झ लिस्ट या संगीतकारावर आलेला लेख आवडीने वाचला. पियानोवरची त्याची हुकमत, युरोपभर गाजलेले त्याचे दौरे आणि त्याच्यावर भाळलेले श्रोते, हे सारे त्यात रंगतदार उतरले आहे. मात्र १८६५ साली रोममध्ये धर्मसेवेची प्राथमिक दीक्षा घेतल्यानंतर लिस्ट आणखी एकवीस वर्षे जगला, आणि त्या काळातले त्याचे धार्मिक वृंदगान लेखकाने उतारवयातला विरंगुळा म्हणून एका वाक्यात गुंडाळले, हे खटकले. त्यातल्या एका रचनेचे ध्वनिमुद्रण मी ईस्टरपूर्वीच्या दर उपवासकाळात ऐकत आलो आहे. तिच्याबद्दल थोडे लिहावेसे वाटते.

‘व्हिया क्रूचिस’ म्हणजे आम्ही वसईकर ज्याला क्रुसाची वाट म्हणतो तीच: येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटेवरील चौदा प्रसंगांपाशी, म्हणजे ‘स्थानां’पाशी, थांबत थांबत करायची प्रार्थना. लिस्टने १८७९ मध्ये ती पुरी केली. रेगेन्सबुर्गच्या पुस्टेट या प्रकाशकाने ती छापायला नकार दिला, आणि १८८६ मध्ये लिस्ट वारला तेव्हा ती कोणी जाहीरपणे गायिलेली नव्हती. पहिला प्रयोग झाला तो बुडापेस्टमध्ये, १९२९ सालच्या गुड फ्रायडेला. छापील रूपात यायला १९३६ साल उजाडले. तेव्हा रचना दुर्लक्षित राहिली याला तिचा दर्जा कारण आहे, असे म्हणण्याआधी ती ऐकायला मिळणेच किती दुरापास्त होते, हे ध्यानात घ्यायला हवे.

मी ऐकतो ते ध्वनिमुद्रण नेदरलँड्स चेंबर क्वायरचे आहे. डच संगीत-संचालक राइनबर्ट द लेउ यांनी ते ऐंशीच्या दशकात केले आणि साथीचा पियानोही स्वतःच वाजवला. ही साथ ऑर्गनवर करण्याचीही सोय लिस्टने ठेवली आहे, आणि रोमच्या कलोसियमसारख्या उघड्या जागेत मोठा ऑर्गन नेता येणार नाही, तिथे हार्मोनियमही चालेल, असे त्याने प्रास्ताविकात सुचवले आहे. आपल्या संगीत नाटकाच्या पायपेटीशी नाते सांगणारे हे वाद्य लिस्टच्या मनात होते, हे वाचून मला गंमत वाटली होती. पण मला पियानोच अधिक रुचतो. ऑर्गनचा सूर लांबत राहतो, तर पियानोचा उमटल्या क्षणापासून विझू लागतो, आणि या रचनेत तो विझण्याचा अवकाशच फार बोलका आहे.

सुरुवातीला ‘वेक्सिल्ला रेजिस’ हे सहाव्या शतकातले लॅटिन स्तोत्र येते. त्याचे पहिले तीन स्वर आपल्या सरगमीत सा-रे-म असे म्हणता येतील. क्रुसाची खूण म्हणून लिस्टने ते स्वर आपल्या इतर रचनांतही योजले आहेत, आणि इथे ते वाटभर पुन्हा पुन्हा भेटतात. येशू तीनदा पडतो त्या तिन्ही स्थानांवर पुरुषांचे आवाज ‘येशू पडतो’ एवढेच दोन लॅटिन शब्द अक्षरशः ओरडतात, आणि लगेच स्त्रियांचे आवाज शोकाकुल मातेचे ‘स्टाबात मातेर’ हळुवार गाऊ लागतात. वसईच्या एका चर्चमध्ये मी तरुणपणी गायनवृंदात होतो. तिथे एका स्थानाकडून दुसऱ्याकडे जाताना आम्ही गीताचे एकेक कडवे म्हणत असू, आणि पुढचे स्थान येईतो पायांचा आवाज तेवढा उरे. लिस्टची ती ओळ ऐकताना मला तो पायांचा आवाज आठवतो.

चौथ्या स्थानावर, आई आणि मुलाची भेट होते तिथे, शब्दच नाहीत. नुसता पियानो वाजतो. मोठ्या वाद्यवृंदाला आणि मोठ्या आवाजाला सरावलेल्या माणसाने इथे एवढी माघार घ्यावी, हे मला त्याच्या कुठल्याही झगमगीत वादनापेक्षा धाडसाचे वाटते. सहाव्या स्थानावर, वेरोनिका येशूचा चेहरा पुसते तिथे, हा कॅथलिक आबे, म्हणजे धर्मसेवक, चक्क लुथरपंथीयांचे भजन घेतो. बाखने ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या येशूच्या दुःखभोगावरच्या रचनेमध्ये वापरलेली चाल तीच. ती द लेउ इतक्या संथपणे घेतात की काहींना ते रेंगाळणे वाटेल. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले होते. पुढे ‘क्रुसावर खिळा’ म्हणणारा पुरुषवृंद आणि हातोड्यासारखे पडणारे पियानोचे स्वर आल्यावर, आधीचा संथपणा कशासाठी राखला होता ते कळले.

लेखकाने या काळातल्या रचना रूक्ष असल्याचे सुचवले आहे. रूक्ष नव्हे, त्या मुद्दाम उघड्या ठेवलेल्या आहेत, असे मी म्हणेन. मैफलीत टाळ्या घेण्यासाठी त्यांची बांधणी झालेली नाही. ती चालत चालत, थांबत थांबत करायच्या प्रार्थनेसाठी झाली आहे. त्यामुळे त्यातली दोन-चार स्थाने वेगळी काढून वाजवली तर ती पोकळ वाटणारच. संपूर्ण रचना एका बैठकीत ऐकायला हवी, आणि तिला एक तासही लागत नाही.

द लेउ २०२० मध्ये वारले. त्याआधी बेल्जियमच्या कोलेजियम व्होकाले गेंट या वृंदासोबत त्यांनी हीच रचना पुन्हा ध्वनिमुद्रित केली. दोन्ही ध्वनिमुद्रणांची माहिती आपल्या पुरवणीत गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी द्यावी, ही विनंती. वाचकांना एक सूचनाही सोबत द्यावी. सुरुवातीच्या हळू भागातच आवाज वाढवून ठेवू नये. तिसऱ्या स्थानावर शेजारी दचकतील.

आपला,
एक वाचक, वसई