‘खुकरी’च्या रंगकामाबद्दल आभार

आदरणीय पेंटरकाका,
सादर नमस्कार.

भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस खुकरी’ या युद्धनौकेची १:३५० प्रमाणातील प्रतिकृती पूर्ण झाली आहे. तिच्या रंगकामात जे काही चांगले उतरले ते आपल्यामुळे. हे केवळ तोंडी सांगून समाधान होईना, म्हणून हे जाहीर पत्र.

सुमारे ९४.५ मीटर लांबीची ही नौका या प्रमाणात २७ सेंटिमीटरांत बसते. प्लास्टिकच्या पातळ शीटमधून कापलेला सांगाडा, एकच धुराडे, मागच्या बाजूच्या पाणबुडीविरोधी उखळी तोफा हे सारे मोजमापाने जमते. रंगाला मात्र मोजमाप पुरत नाही. खऱ्या जहाजाचा करडा रंग जसाच्या तसा एवढ्या लहान आकारावर चढवला, तर तो जड आणि काळवंडलेला दिसतो. आपण हे पहिल्याच नमुन्यावरून ओळखलेत, आणि पांढऱ्यात नुसता काळा न मिसळता किंचित निळा घालून, उन्हात व सावलीत ताडून पाहत फिकी छटा तयार करून दिलीत.

पाण्याच्या रेषेवरचा काळा पट्टा ही दुसरी अवघड जागा. टेप चिकटवल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच रंग फिरवायचा, म्हणजे फट बुजते आणि काळा रंग आत झिरपत नाही, ही आपली युक्ती मी आता प्रत्येक नौकेसाठी वापरतो. पावसाळी दमट हवेत ड्युको (फवारून मारायचा, लवकर वाळणारा रंग) मारला की त्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून कृष्णेला पाणी चढलेले असताना फवारणीला हात लावू नकोस, हेही आपलेच सांगणे.

आणि नौकेच्या बाजूंवरचा १४९ हा तिचा क्रमांक! काठीवर मनगट टेकवून, मधल्या आकड्यापासून सुरुवात करून, आपण तो जेमतेम चार मिलिमीटर उंचीत दोन्ही बाजूंना सारखा उतरवलात. सांगलीतल्या दुकानांवरच्या पाट्या फ्लेक्सने गिळल्या, तरी असा हात या शहरात अजून आहे, याचा मला अभिमान वाटतो.

९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीने ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जहाज सोडले नाही. म्हणूनच या नौकेवर अंदाजाने रंग चढवणे मला मान्य नव्हते. मी मजुरी विचारली तेव्हा ‘या जहाजाचे पैसे घ्यायचे नसतात’ एवढेच आपण म्हणालात. त्या शब्दाचा मान राखतो, पण आपल्या कष्टांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही.

आता तिच्याच वर्गातली, त्या रात्री तिच्यासोबत असलेली ‘किरपाण’ हाती घेतली आहे. तिचा क्रमांक १४४. तो मी स्वतः रंगवावा आणि आपण शेजारी बसून माझा हात सुधारावा, अशी विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
एक नौका-प्रतिकृतीकार
विश्रामबाग, सांगली