तरुणांच्या सांधेदुखीचं काय?

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला संधिवातावरचा लेख वाचला. लेखकांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण सगळा लेख साठीपुढच्या गुडघ्यांवर. जुलाबांनंतर तरण्याताठ्या पोरांचे सांधे सुजतात त्या रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिसचा साधा उल्लेखही नाही, याचा राग आला.

माझ्या मुलाला पंचविशीत हा आजार झाला. जत्रेत जेवून आला, जुलाब आणि ताप झाला, बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी एक गुडघा सुजला. सकाळी टाच टेकवत नव्हती. भिंत धरून चवड्यांवर मोरीपर्यंत जायचा. पायाचं एक बोट टम्म फुगलेलं. डोळे लाल झाले तर ‘साथ आहे’ म्हणून थेंब दिले. एका डॉक्टरांनी युरिक अ‍ॅसिड म्हणून डाळी बंद केल्या. दुसऱ्यांनी रक्ततपासणीत एएसओ वाढलाय म्हणून पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू केली. एएसओ वाढला म्हणजे घशाला पूर्वी संसर्ग होऊन गेला, एवढंच ना? मग ‘महिन्याभरात पोट बिघडलं होतं का?’ हे कुणालाच विचारावंसं वाटू नये?

ते विचारलं शेवटी एका संधिवाततज्ज्ञांनी. गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं. जंतू नाहीत, युरिक अ‍ॅसिडचे स्फटिकही नाहीत. या आजाराची अशी एक खात्रीची तपासणी नाही. एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तरी तेवढ्यावर निदान होत नाही, रोग्याची हकिगतच ऐकावी लागते. साल्मोनेला, शिगेलासारख्या जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते. लैंगिक संबंधातून लघवीच्या मार्गात शिरणाऱ्या क्लॅमिडिया या जंतूनेही हे होतं, आणि आईबापांसमोर मुलं ते बोलत नाहीत. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून विचारावं. क्लॅमिडिया असेल तर अँटिबायोटिक हवंच. जुलाबांनंतरच्या सांधेदुखीवर सहसा त्याचा उपयोग नसतो. सूज उतरवणाऱ्या गोळ्या, लागलंच तर सांध्यात स्टेरॉइड, दुखणं रेंगाळलं तर सल्फासॅलाझिन हे औषध. बहुतेक जण वर्षभरात बरे होतात. माझाही झाला, पण आधीचे महिने फुकट गेले.

आणखी एक. त्याच लेखाखाली गुडघेदुखीच्या तेलाची भलीमोठी जाहिरात होती. लोक ती डॉक्टरांचा सल्ला समजूनच वाचतात. निदान आरोग्याच्या पानावर तरी ती नको.

पुढच्या पुरवणीत संधिवाततज्ज्ञांकडून या आजारावर लिहून घ्या. डोळा लाल होऊन दुखत असेल आणि उजेड सहन होत नसेल, तर थेंबांवर न थांबता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावं, हे त्यात ठळक छापा.

एक वाचक, सातारा