39 फुटांना निघायचं

उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर

चि. पल्लवी,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू भरल्या ताटावरून उठून गेलीस. फोनवर बोलायला गेलं की आपल्या दोघींचा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलेय. पुराच्या पाण्याचा विषय काढणार नाही असं बाबांना कबूल केलंय, तेव्हा आधी बाकीचं.

मागच्या आठवड्यात तू बँकेत गेली होतीस, तेव्हा मी तुझ्या दिव्यांग पोरांच्या संस्थेत, वाळवणाच्या शेडमध्ये बसले होते. तो उंच पोरगा तुळस खुडत होता, ज्याला त्याची आई केएमटीच्या बसमध्ये बसवून देते तो. मंजिरी डाव्या टोपलीत, शेंडे उजव्या टोपलीत. मी मदत म्हणून हात लावला आणि बोलण्याच्या नादात एक शेंडा डावीकडे गेला. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. शेंडा उचलला, उजवीकडे ठेवला आणि पुढचा खुडायला घेतला. मंजिरी धरली की पानाचा वास उतरतो, हे त्याच्या हाताला कळलंय. पलीकडे तिथल्या दोन मुली दीड फुटाची काठी मातीवर टेकवत गवती चहाचे ठोंब लावत होत्या. काठी, खड्डा, ठोंब, माती दाबायची, परत काठी. कामाच्या पायऱ्या दाखवणारी भिंतीवरची तुझी फोटोंची पट्टी बघायचीही त्यांना गरज पडत नव्हती. तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, पण कामाची इतकी बारीक फोड मी कधी केली नव्हती. तुला तोंडावर सांगायचं राहिलं ते इथं सांगते.

शेजारच्या काकू विचारत होत्या, संस्थेला नफा नको तर चहाची पुडी एवढी महाग का? मी सांगितलं, पाच किलो ओला पाला वाळवला की जेमतेम किलोभर उरतो. पावसाळ्यात हवेतच ओल, उन्हाशिवाय पाला काळा पडतो, मग विजेचा ड्रायर लावावा लागतो. आणि उरलेला पैसा कुणाला घरी नेता येत नाही, तो परत कामातच घालायचा असतो. त्यांनी दोन पुड्या घेतल्या. आणखी एकीनं विचारलं, पोरीला हे खूळ कुठून सुचलं? ज्या गावात नसीमाताई हुरजूक यांनी 1984 साली चाकाच्या खुर्चीवरून 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली, त्या गावात हे विचारावं?

मला मात्र माहीत आहे कुठून सुचलं. आप्पामामाही तुझ्या पोरांसारखाच. त्यानं आयुष्यभर गुऱ्हाळावर चिपाडं ओढली. सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या नंतर जायचा. हातावर काय पडायचं? तांब्याभर काकवी. आमच्या घरात कुणी वाईट नव्हतं गं, पण त्याला पगार द्यायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तुझ्याकडं प्रत्येकाचं पासबुक आहे. पहिल्या पगाराच्या दिवशी त्या चष्मेवाल्या मुलीनं आपलं पासबुक मला तीनदा दाखवलं. चिखलीच्या नदीकाठच्या मळीतले माझ्या वाटणीचे वीस गुंठे तुला दिले तेव्हा दादा काय काय बोलला, ते त्या दिवशी मी विसरून गेले.

पण ती मळी नदीची आहे, पल्लवी. मृग लागलाय आणि तू याच महिन्यापासून चौघांना तिथं मुक्कामाला ठेवणार म्हणतेस. दिवसा कामाला येऊन संध्याकाळी घरी जाणं वेगळं आणि रात्री तिथं असणं वेगळं. राधानगरी धरणाचे सातही दरवाजे आपोआप उघडतात, दिवस-रात्र बघत नाहीत. 2019 ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, 2021 ला 56 च्या. तू म्हणालीस, 'धोका पातळी 43 आहे, तोवर निघू.' 43 ला निघणारे धडधाकट लोकसुद्धा अडकलेत.

आलाच बघ विषय. बाबा रागावतील. पण आता लिहिते.

1989 ला, तुझ्या दादाच्या बाळंतपणाला, मी माहेरी होते. पाणी उंबऱ्याला लागलं तशी आजोबांनी गुऱ्हाळाची काहील, गूळ कढवायची मोठी कढई, होडीसारखी पाण्यात सोडली. आम्ही सगळे बसलो, आप्पामामा बसेना. ओरडला, खांबाला मिठी मारून उभा राहिला. लोक म्हणाले, येडं हाय, उचला. तो येडेपणा नव्हता. काहील म्हणजे उकळता रस, जवळ जायचं नाही, हे लहानपणापासून आम्हीच त्याच्या मनावर बिंबवलेलं. त्यानं ते इमानानं पाळलं. शेवटी आजोबा बाहेर उतरले, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोन्ही तळवे काहिलीच्या बुडाला लावून त्याला दाखवत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग आला. नंतर आठ दिवस तो माझा पदर सोडत नव्हता.

तुझी पोरंही तशीच इमानी आहेत. डावी टोपली म्हणजे डावी टोपली. रात्री बॅटरीच्या उजेडात अनोळखी माणसं येऊन 'चला, बोटीत बसा' म्हणाली तर ती बसतील का? तेव्हा समजवायला वेळ नसतो. तुळस खुडायला शिकवलंस तसं निघायलाही आत्ताच, कोरड्यात शिकव. पिशवी भरायची, चप्पल घालायची, गाडीत बसायचं, सोनतळीला चुलत्यांच्या घरी उतरायचं, त्याचेही फोटो काढून भिंतीवर लाव. दर आठवड्याला एकदा खरंच नेऊन आण. 2016 च्या दिव्यांग कायद्यात जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणानं दिव्यांगांची नोंद ठेवायची असं आहे, तेव्हा चौघांची नावं आणि मळीचा पत्ता तू स्वतः जाऊन दे, पोचपावती घे. आणि निघायचं ते 39 ला, इशारा पातळीला. पाणी शिवाजी पुलाच्या खुणेला लागून मच्छिंद्री झाल्यावर नव्हे. पुदिना कुजला तर कुजू दे, तो पुन्हा लागतो. ड्रायर मात्र आधीच उंचावर...

बाई शिकवायला लागल्या, असं म्हणशील. राग मानू नकोस. तुझ्या कामात नाक खुपसायचं नाही मला. त्या चौघांना आईबापांच्या घराबाहेर स्वतःच्या खोलीत राहायचंय, हे मला पटलंय. माझा विरोध फक्त श्रावण सरेपर्यंतच्या रात्रींना आहे.

चिखली-आंबेवाडीच्या पूरग्रस्तांना सोनतळीला जागा मिळाल्या, तेव्हा आपल्या चुलत्यांनी तिथं घर बांधलं. त्यांच्या मागच्या दोन खोल्या मोकळ्या आहेत, संडास आतच आहे. मी विचारून ठेवलंय. चार महिन्यांचं भाडं माझ्या पेन्शनमधून देईन, संस्थेच्या हिशेबात धरू नकोस. दिवसा मळीत काम, रात्री सोनतळी. बुधवारी चौघांना घेऊन खोल्या बघून ये. त्यांना पसंत पडल्या का ते त्यांनाच विचार आणि मला रात्री फोन कर. मी आवाज चढवणार नाही.

तुझी,
आई