कागदावरचा लोड आणि वावरातला लोड

कारंजा (घाडगे), जि. वर्धा
डिसेंबर

प्रिय गड्या,

छोटूची आमच्या वीज कंपनीत अभियंता म्हणून निवड झाली हे वाचून फार बरं वाटलं. काकूंनी पेढे वाटले असतीलच. पण तू पत्रात हळूच विचारून राहिला ना, की ‘नोकरी नेमकी कशी आहे, आईसमोर सांगतोस ते नको, खरं सांग.’ सांगतो. चहा घेऊन बस.

आधी साध्या गोष्टी. पदवीधर शिकाऊ अभियंता म्हणून सुरुवातीला सबस्टेशन, टेस्टिंग, स्टोअर, बिलिंग असं सगळीकडे फिरवतात, मग सहायक अभियंता म्हणून कुठेतरी बसवतात. पगार वेळेवर होतो. गावात पहिल्या दिवसापासून तो ‘बोर्डाचा साहेब’ होईल. वीज मंडळाच्या २००५ सालीच वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण ते कुणी मनावर घेतलेलं नाही.

आता मुद्द्याचं. छोटूला पॉवर सिस्टीममध्ये चांगले मार्क होते म्हणतोस. त्याला एक गणित घाल. १०० केव्हीएची डीपी, म्हणजे वावरातला ट्रान्सफॉर्मर, एलटी म्हणजे कमी दाबाच्या बाजूला फुल लोडला साधारण १३३ अँपिअर. पाच एचपीची मोटर व्होल्टेज नीट असेल तर सात-आठ अँपिअर घेते. म्हणजे सोळा मोटरी आरामात. कागदावर त्या डीपीवर तेवढेच शेतकरी आहेत, आणि त्यातले निम्मे तर तीन एचपीवाले. मग डिसेंबर आला की ती जळते कशी?

जळते, कारण तीनची मोटर कधीच पाचची झालेली असते आणि पाचची साडेसातची. पाणी खाली गेलं, बोअर खोल गेली, जुन्या मोटरीनं पाणी वर येईना, तर माणूस काय करेल? मोटर बदलली, अर्ज कोण करत बसतं. वर चोरून तारेवर टाकलेले दोन-चार आकडे. लाईनच्या शेवटच्या खांबावर व्होल्टेज इतकं पडतं की तेवढंच पाणी उपसायला मोटर आणखी करंट ओढते. करंट दुप्पट झाला की तारेतलं नुकसान चौपट, हे त्याला पाठ असेल. इथं त्याला ते हातानं तपासता येईल. डीपीच्या टाकीजवळ तळवा नेला तरी धग कळते.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ऑटोस्विच. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. एजी फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या लाईनला, थ्री फेज सप्लाय ठरलेले तासच, आणि पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्री फीडर चालू झाला की त्या डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना प्रत्येक मोटर पाच-सहा पट करंट घेते. डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडतो. मग कोणीतरी बांबू घेऊन येतो आणि फ्यूज वायरच्या जागी जाड तार गुंडाळून देतो. पुढच्या वेळी डीओ शाबूत राहतो, डीपी जाते.

नवीन होतो तेव्हा मी ऑटोस्विच काढा म्हणून गावोगाव भाषण देत फिरायचो. एका काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘साहेब, रातच्या दोनले लाईट येते. मी घरी झोपलो राहतो. मंग मोटर काय तुमी येऊन चालू करान?’ बरोबर होतं त्यांचं. बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल इथून लांब नाही. हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस बॅटरी घेऊन रात्री वावरात जातो तेव्हा त्याच्या डोक्यात रानडुक्कर, साप, बिबट्या आणि वाघ असतात. आपला ट्रान्सफॉर्मर नसतो.

म्हणून ते भाषण सोडून दिलं. एका डीपीवरच्या मंडळींना पारावर बसवून ठरवलं की ऑटोस्विच ठेवा, पण सोबत टायमर लावा. पहिल्याची मोटर दोन मिनिटांनी, दुसऱ्याची चारनं, तिसऱ्याची सहानं. शिवाय लाईनवरचा करंट कमी करायला प्रत्येकाला कपॅसिटर. कपॅसिटरनं बिल वाढते असा एक समज इथं घट्ट आहे, तो काढायलाच अर्धी सभा गेली. त्या हंगामात ती डीपी टिकली. पुढच्या वर्षी पहिला नंबर कोणाचा यावरून दोन भावकींत जुंपली आणि टायमर निघाले. आता परत बसवायचं चाललंय. हे काम कुठल्याच रजिस्टरला लिहायला रकाना नाही, पण मला विचारशील तर अभियंता म्हणून माझं खरं काम हेच. रजिस्टर काय सांगतं आणि वावरात काय चाललंय, यातलं अंतर स्वतः बांधावर जाऊन मोजायचं. टाँग टेस्टर, तार न तोडता करंट मोजायचा चिमटा, गाडीच्या डिक्कीत हवाच.

एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिल माफ आहे. चांगलं आहे, कापसाला काय भाव मिळतो ते तुला सांगायला नको. पण बिल शून्य झालं म्हणून तारेतला करंट शून्य होत नाही. मोटर किती एचपीची हे खरं सांगायचं जे थोडंफार कारण उरलं होतं तेही गेलं, असं माझं मत. ऑफिसात बोलत नाही, तुला सांगतो. आशा मला सौर वाहिनीची वाटते. फीडरला दिवसा सोलरची वीज मिळाली तर रात्रीची पाळी संपेल आणि ऑटोस्विचचं अर्धं भांडणही. एकेका-दोघांना छोटी डीपी दिली तिथं तर मी पाहिलंय, माणूस तिच्यावर आकडा पडू देत नाही. स्वतःच्या बैलासारखी राखतो.

गंमत बघ, चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. तिथून मुंबईकडच्या पडघ्यापर्यंत ५०० केव्हीची डीसी लाईन १९९९ पासून चालू आहे, साडेसातशे किलोमीटर. वीज विदर्भात बनते, जाते तिकडे, असं इथले लोक मला ऐकवतात तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. सगळी वीज एकाच जाळ्यात जाते हे ग्रिडचं उत्तर असतं, ते त्यांना नको असतं.

एका गोष्टीत मात्र छोटूनं कोणाचंही ऐकू नये, ती म्हणजे परमिट, लाईन बंद करून तिच्यावर काम करायची परवानगी. बाकी सगळं शिकता येतं. ऑपरेटरनं लाईन तोडणारे ब्रेकर आणि आयसोलेटर उघडले, परमिट दिलं, तरी खांबाजवळ टेस्टर लावायचा आणि कामाच्या दोन्ही बाजूंनी तारा जमिनीला जोडणारे डिस्चार्ज रॉड टाकायचे. एकाच खांबावर दोन फीडर असतात, शेजारचा चालू असू शकतो. कोणाच्या घरचं जनरेटर उलटा करंट सोडू शकतं. परमिट ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं, सगळी माणसं खाली उतरलेली मोजून. सरपंचाचा फोन येईल, आमदाराच्या पीएचा येईल, ‘साहेब, लाईट कवा?’ येऊ दे. जुने लाईनमन भाऊ कधी म्हणतील, ‘साहेब, दोन मिनिटांचं काम हाय, रॉड कायले?’ तिथं वय बघायचं नाही, हट्टानं रॉड लावायला लावायचा. एरवी मात्र त्यांच्याकडूनच शिकावं. पहिल्या पावसात कोणतं इन्सुलेटर फुटलं असेल हे ते रस्त्यावरून सांगतात. उन्हाळाभर तापलेल्या चिनी मातीवर गार पाणी पडलं की तडा जातो आणि फीडर ट्रिप होत राहतो. मग अंधारात खांब-खांब शोधत फिरायचं.

आणखी एक. डुकरं अडवायला कुंपणात थेट करंट सोडलेला दिसला तर लगेच तोडायचा. त्यात वाघ मेलेत, माणसंही मेलीत. शेतकऱ्याला झटका मशीन, नुसता झटका देते, मारत नाही ते, घ्यायला सांगायचं आणि वनवाल्यांशी ओळख ठेवायची. यात ओळखीपाळखीचं चालू द्यायचं नाही.

रुजू व्हायच्या आधी त्याला आठवडाभर माझ्याकडे पाठव. हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस आहेत, बघायचं ते सगळं एका फेरीत दिसेल. संत्रीही उतरून राहिली, येताना तुमच्यासाठी एक पेटी देतो. इथं गादी आहे, मच्छरदाणी त्याची त्यानं आणावी. आणि चांगले बूट, फॅशनचे नकोत.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
बंड्या