बाबा, पिंपालाही सूर असतो

लंडन, 17 ऑगस्ट 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. आई, खोकला पूर्ण गेला. फोटोत बारीक दिसते ती काळ्या शर्टमुळे, वजन तेवढंच आहे. नोकरी, घर, जेवण सगळं पूर्वीसारखंच चालू आहे, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

बाबा, गेल्या फोनवर तुम्ही विचारलंत, "तेलाच्या पिंपावर कसलं आलंय संगीत?" मिरजेत जन्मभर तंबोऱ्याची जवारी लावून त्याला बोलता करणाऱ्या माणसाला दोन वाक्यांत उत्तर देणं बरं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं पथक वाजवतं ते हे वाद्य कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटाचं. त्याला स्टीलपॅन म्हणतात, नुसतं पॅनही म्हणतात. पिंप नेहमीचंच, साधारण 208 लिटरचं. पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आसपास लागतो. त्याहून पातळ असला तर ठोकताना फाटतो. पिंप उलटं ठेवून बूड घणाने आत दाबत नेतात. सर्वांत उंच सुराच्या टेनर पॅनला सुमारे 20 सेंटिमीटर खोल वाटी लागते, खर्जाच्या पॅनला याच्या निम्मी पुरते. ठोके कडेकडून मध्याकडे गोलगोल जातात. एकाच जागी घाई केली की तिथला पत्रा ताणून पातळ होतो, आणि पुढे कितीही मठारलं तरी तिथे सूर ठरत नाही. वाटी गुळगुळीत झाली की स्वरांच्या जागा आखायच्या आणि बोथट पंचने रेषेवर ठोकत खाचा पाडायच्या. एका स्वराचं कंपन शेजारच्याला फार पोचू नये, हे या खाचांचं काम. मग पिंपाची बाजू कापतात. टेनरला जेमतेम 15 सेंटिमीटर ठेवतात, खर्जाला अख्खं पिंप.

यानंतर ते आगीवर धरतात. ठोकून ठोकून पत्र्यात ताण भरलेला असतो, तो काही मिनिटांच्या आचेने निघतो आणि रंग निळसर होतो. ही पायरी गाळली तर लावलेला सूर टिकत नाही. आच जास्त झाली तर पत्रा मऊ पडतो आणि आवाज मेल्यासारखा येतो.

खरं काम पुढे आहे, आणि ते तुम्हाला सर्वांत लवकर कळेल. एका स्वराच्या जागेत फक्त मूळ स्वर लावून भागत नाही. तिथेच वरच्या सप्तकातला तोच स्वर आणि पुष्कळदा त्याच्याही वरचा पंचम, हे सगळे लहान हातोडीने खालून-वरून ठोकत जुळवावे लागतात. एक जुळवावा तर दुसरा सरकतो. स्वर बरोबर असून हे वरचे जुळले नसतील तर पॅन पत्र्यासारखं वाजतं. जवारी न उघडलेल्या तंबोऱ्याचं तुम्ही म्हणता ना, स्वर आहे पण बोलत नाही, तसंच. मुलामा चढवला की सूर थोडे ढळतात, म्हणून पुन्हा लावावं लागतं. टेनरवर 28-29 स्वर असतात: बाहेर बारा, त्यांच्या आत त्यांचेच वरच्या सप्तकातले बारा, आणि मध्यात उरलेले. शेजारी शेजारी बसतात ते सा आणि प. एक वाजला की शेजारचा थोडा गुणगुणतोच. तो पंचम असल्यामुळे कानाला खटकत नाही. ज्यांनी ही मांडणी ठरवली त्यांच्यापुढे मी हात जोडते.

खर्जासाठी सहा पिंपं असतात, प्रत्येकावर तीनच स्वर. वाजवणारा मध्ये उभा राहून वळत वळत वाजवतो. टेनरच्या काठीला पातळ रबर, खर्जाच्या काठीला स्पंजचा गोळा. रबर झिजलं आणि धातू धातूला लागला की सूर बिघडलाच. जोरात बडवलं तरी बिघडतो. नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगतात, की पिंप दिसलं म्हणून बडवायचं नाही. उन्हात पत्रा तापला की सूर उतरतात, म्हणून चाकांच्या गाड्यांवर कापडी छत लावतात. पावसानंतर खाचा कोरड्या पुसायच्या, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. आणि पॅन एकात एक कधी रचायची नाहीत.

मागे ताल धरणाऱ्यांना इंजिनरूम म्हणतात. त्यात गाडीच्या चाकातला ब्रेक ड्रम लोखंडी सळ्यांनी वाजवतात. तो आपल्या टोलासारखा सगळ्यांच्या वरून ऐकू येतो, आणि चालत्या पथकाला तोच एकत्र ठेवतो.

ताशाचं सांगायचं राहिलं. 1845 ते 1917 या काळात हिंदुस्थानातून हजारो मजूर करारावर त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांत गेले. बहुतेक उत्तरेकडचे. त्यांच्याबरोबर मोहरमचा ताशा गेला. तिथे त्याला आजही 'टासा'च म्हणतात, संगतीला मोठा ढोल आणि झांज. बकऱ्याचं कातडं वाजवण्याआधी शेकोटीवर तापवतात, जुने ताशेवाले तापवायचे तसंच. शब्दसुद्धा फारसा बदलला नाही. मला हे कळलं तेव्हा इथली मंडळी परकी वाटेनाशी झाली.

लंडनमध्ये पॅन गाजलं 1951 साली, फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी आलेल्या त्रिनिदादच्या वादकांबरोबर. 1958 साली लंडनच्या नॉटिंग हिल वस्तीत वेस्ट इंडियन, म्हणजे कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांवर गोऱ्या टोळ्यांनी हल्ले केले. त्याला उत्तर म्हणून क्लॉडिया जोन्स या त्रिनिदादच्या पत्रकार बाईंनी जानेवारी 1959 मध्ये सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कार्निव्हल, म्हणजे नाचगाण्यांचा उत्सव भरवला. कडाक्याच्या थंडीमुळे तो सभागृहात. रस्त्यावर आणला 1966 मध्ये, रोन लॅसलेट बाईंनी वस्तीतल्या सगळ्या जमातींच्या मुलांसाठी केलेल्या जत्रेतून. रसेल हेंडरसन यांचं पॅनपथक तिथे वाजवता वाजवता चालू लागलं, लोक मागे निघाले, आणि मिरवणूक झाली. 1973 पासून लेस्ली पामर यांनी जमैकन पद्धतीचे मोठे साउंड सिस्टिम, म्हणजे स्पीकरचे ढीग, कोपऱ्याकोपऱ्यावर बसवले आणि वेशभूषेची पथकं वाढवली. आता ब्राझीलची सांबा पथकंही असतात.

आता इथली एक रीत, जी तुम्हाला खरी वाटणार नाही. नॉटिंग हिल कार्निव्हलच्या दोन दिवस आधी मिरवणुकीच्या रस्त्यावरची घरं प्लायवूडने बंद करतात. अगदी बंद. आठ बाय चारचे तक्ते आणून खिडक्या, कुंपणाचे कठडे, पायऱ्या, तळघराकडे उतरणारा जिना, सगळं झाकतात. सुतारांची त्या आठवड्यात चैन असते. गर्दी कठड्यावर रेलते, लोक बघायला पायऱ्यांवर चढतात, आडोशाला लघवी करतात, म्हणून हे. पण तक्ते लावून मालक सुट्टीवर निघून जातात! आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीला गॅलरी नातेवाइकांनी भरलेली असते, इथे रस्त्यावर लाखो माणसं आणि घर रिकामं. कुणी त्या तक्त्यांवर सुंदर चित्रं काढतात, कुणी घरी राहून दारात कणसं भाजून विकतात, आणि कुणी पाटी लावून आपला संडास दोन-तीन पौंडांना वापरायला देतात. मंगळवारी तक्ते निघतात, रस्ते झाडून स्वच्छ.

मला यातलं एकच मनाला लागतं. पन्नासच्या दशकात ही पडकी घरं होती. इतरत्र "काळ्यांना जागा नाही" म्हणून पाट्या असायच्या, तेव्हा वेस्ट इंडियन माणसं इथे एकेका खोलीत राहिली. आज ही घरं लंडनमधल्या सर्वांत महाग घरांत मोजतात. ज्यांच्या आजीआजोबांनी हा उत्सव उभा केला ती मुलं लांबून बस पकडून पॅन वाजवायला येतात, आणि राहणारे तक्ते ठोकून निघून जातात.

आई, तू बातम्या बघतेस हे मला माहीत आहे. अटका होतात, आणि गेल्या वर्षी जीवही गेले, ते मी लपवत नाही. पण लाखोंच्या गर्दीतल्या दोन दिवसांवरून सगळ्यांना गुंड म्हणू नकोस. हजारो पोलीस असतात, आमचं पथक दोराच्या आत चालतं, रविवार खास मुलाबाळांचा असतो, संध्याकाळी सातला संगीत बंद होतं. दुपारी तीनला ग्रेनफेल इमारतीच्या आगीत गेलेल्या 72 जणांसाठी 72 सेकंद सगळं थांबतं, इतकी मोठी गर्दी गप्प उभी राहते. लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशन त्या दिवशी बंद असतं, म्हणून मी लॅटिमर रोडपर्यंत चालत जाईन, एकटी नाही. नऊपर्यंत घरी. कानात बोळे घालते, तेही विचारायच्या आत सांगते. शनिवारी 23 तारखेला पॅनपथकांची स्पर्धा, रविवार-सोमवारी मिरवणूक. कामावरून एकही जादा रजा घेतलेली नाही.

गणपती बुधवारी आहेत आणि मी याही वर्षी येत नाही. तिकीट काढायचं ठरवलं होतं, पण रजा दादाच्या लग्नासाठी राखून ठेवली. आरतीला फोन लावा. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे माझे साडेतीन, मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभी राहीन. मोदक झाकून ठेवू नकोस, खाऊन टाका.

हॉलच्या एक लाखापैकी पासष्ट हजार शुक्रवारी पाठवले, सोमवारी दिसतील. उरलेले सप्टेंबरच्या पगारातून नक्की. इथलं भाडं वाढलं म्हणून एकदम जमलं नाही, बाकी काही अडचण नाही. बाबा, तेवढ्यासाठी आजोबांचा तंबोरा गिऱ्हाइकाला दाखवू नका. दादा म्हणाला तुम्ही तो माळ्यावरून काढून पुसून ठेवलाय.

आत्याला नमस्कार, दादाला आशीर्वाद नाही, तो मोठा आहे, त्यालाही नमस्कार.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, कोल्हापूरच्या लोकांना अजून काही कळवू नकोस. पत्रिका जुळली ते वाचलं. डिसेंबरमध्ये आल्यावर मी त्यांना भेटेन. नाही म्हणाले नाही, एवढं बाबांना सांग.